समोरचा पडदा

बाबूजी कोणाचाही अर्ज भरायला बसले की आधी लॅपटॉप पूर्ण उघडून टेबलावर आडवा टाकायचे. त्या लॅपटॉपला दोन पडदे होते. एक नेहमीच्या जागी, आणि दुसरा जिथे बाकीच्या लॅपटॉपला कळा असतात तिथे. कीबोर्ड वेगळा निघायचा, तो बाबूजी स्वतःपुढे ओढून घ्यायचे. आडवा केल्यावर एक पडदा त्यांच्याकडे आणि दुसरा समोर बसलेल्या माणसाकडे. मग ते समोरच्या पडद्यावरचं चित्र फिरवायचे, म्हणजे त्या माणसाला ते सुलटं दिसेल. बाबूजी इकडे एक अक्षर टाकायचे आणि ते तिकडे त्या माणसाच्या डोळ्यांपुढे उमटायचं. एवढं झाल्याशिवाय ते नावसुद्धा विचारत नसत.

"तुमच्या नावानं मी काय लिहून राहिलो, ते तुमाले दिसलं पाह्यजे," असं ते प्रत्येकाला सांगायचे. ज्याला वाचता येत नसे त्यालाही सांगायचे, आणि त्याच्यासाठी ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायचे.

बाबूजी भंडाऱ्याला एका कार्यालयात कारकून होते. निवृत्त झाल्यावर कोंढ्याला आपल्या घरी येऊन राहिले. पत्नी आधीच गेलेल्या. एकच मुलगी, ती पुण्याला कंपनीत. आम्ही तिला ताई म्हणतो. लॅपटॉप तिचाच जुना. एका पडद्यावर कागद आणि दुसऱ्यावर अर्ज ठेवता येईल, बाबांची मान दुखणार नाही, एवढाच तिचा हेतू होता. तो आडवा टाकून समोरच्याला दाखवायची युक्ती बाबूजींची स्वतःची. घरापुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, टेबल, दोन खुर्च्या आणि हा लॅपटॉप. सकाळी दहा वाजल्यापासून लोक यायचे.

मी पहिल्यांदा गेले ती माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. आमच्या घरी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा सोबत होते, पण ते छपरीच्या पायरीवरच थांबले. बाबूजी म्हणाले, "अजी, तुमी काहून बाहेर? पोरीच्या अर्जात तुमचंबी नाव येते. इकडे या, पाहा." बाबा पाय पुसून आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. समोरच्या पडद्यावर माझ्या नावाखाली त्यांचं नाव उमटलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "मायं नाव टीव्हीवर आल्यासारखं दिसलं व."

या पद्धतीमुळे गमती फार व्हायच्या. आसगावची एक बाई कसल्याशा योजनेचा अर्ज भरायला आली होती. बाबूजींचं बोट चुकून दुसऱ्याच रकान्यावर पडलं. बाई पडद्यावर बोट ठेवून ओरडली, "अजी बाबूजी! मले विधवा कायले केलं? घरी तंबाखू घोटून राहिला न तो!" छपरीत सगळे हसले. बाबूजीही हसले, पण लगेच गंभीर झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? हा पडदा नसता, तर ते बाई घरी गेल्यावर रांड झाली असती अन् तिले पत्ताबी नसता."

दुसरी गोष्ट एका म्हाताऱ्या आजोबांची. ज्यांना सही येत नसे त्यांच्यासाठी बाबूजी शाईची गादी ठेवायचे. छापलेल्या कागदावर अंगठा घ्यायचा असे. या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, अंगठा गादीवर चेपला आणि सरळ समोरच्या पडद्यावर टेकवला. तो पडदा बोटाने चालणारा. अंगठा नेमका खालच्या हिरव्या चौकोनावर पडला आणि अर्ज गेला. आम्ही सगळे घाबरलो. बाबूजींनी विचारलं, "बाबा, पूर्ण ऐकून लावला न अंगठा?" आजोबा म्हणाले, "हव जी. तुमी वाचलं, मी आयकलं." बाबूजी म्हणाले, "मंग बरोबर झालं." नंतर त्यांनी ओल्या फडक्याने पडदा पुसला, तरी कडेच्या फटीत थोडी निळी शाई राहिली. ती त्यांनी खरवडून काढू दिली नाही.

माझ्याकडे तेव्हा फक्त मोबाइल होता. पुस्तकं इंग्रजीत. एक परिच्छेद वाचायचा, मग शब्दाचा अर्थ शोधायला दुसरीकडे जायचं, परत येईपर्यंत पहिलं वाक्य विसरलेलं. वर्गात मुली पटपट उत्तरं द्यायच्या आणि मी पानाचा नंबर शोधत बसायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबूजींना कसं कळलं माहीत नाही. एक दिवस त्यांनी लॅपटॉप आडवा न करता पुस्तकासारखा उभा केला, डाव्या पडद्यावर माझं पुस्तक उघडलं, उजवा कोरा ठेवला. म्हणाले, "इकडे त्याईची भाषा. इकडे तुही. दोन्ही एकदम पाह्य. एकीले झाकून दुसरी नाई समजत."

त्यानंतर एसटीतून उतरले की मी घरी न जाता आधी छपरीत जायची. दोन वर्षं मी त्या दोन पडद्यांवर अभ्यास केला. डावीकडे पुस्तक, उजवीकडे माझं मोडकंतोडकं मराठी. बाबूजी समोरच्या खुर्चीत पेपर वाचत. मी अडले की ते म्हणायचे, "मोठ्यानं वाच." त्यांना माझा विषय येत नव्हता. पण मोठ्यानं वाचलं की निम्मं मलाच समजायचं. एकदा मी हसून म्हटलं, "बाबूजी, तुम्ही नुसतं ऐकता, तरी मला समजते कसं?" ते म्हणाले, "कागद एकट्यानं वाचाचा नसते, पोरी. दोघाईनं वाचला का भेव नाई वाटत."

हे वाक्य ते कुठून आणत, ते मला फार उशिरा कळलं. एका दुपारी कोणी आलेलं नव्हतं. बाबूजी शाईची गादी उन्हात ठेवत होते. मध्येच म्हणाले, "नवा नवा कारकून होतो. एका माणसाचा अंगठा घेतला मी. कागदावर काय आहे ते त्याले नाई सांगितलं. त्याचंच वावर, त्याची जमीन, भावाच्या नावानं करून राहिला होता तो, अन् त्याले वाटे का पीक पाहणीचा कागद आहे. मले माहीत होतं. साहेब म्हणे, वेळ नाई, घे लवकर." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मंग काई नाई. तो मले हात जोडून गेला. म्हणे, साहेब, मेहरबानी." एवढं बोलून ते आत गेले. गादी उन्हातच राहिली. मी ती उचलून सावलीत ठेवली.

मागच्या हिवाळ्यात बाबूजींचं जेवण तुटलं. चार घास खाऊन ताट सरकवायचे. ताईने त्यांना नागपूरला नेऊन तपासण्या केल्या आणि ती पुण्याला परत गेली. रिपोर्ट बाबूजींच्या मेलवर येणार होता. दोन दिवसांनी मला तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. "डॉक्टरांशी बोलले मी. चांगलं नाहीये ग. रिपोर्ट आला की आधी मला पाठव, आणि तिथून काढून टाक. बाबांना दिसू देऊ नको. मी रविवारी येते, मी समोर बसून सांगते त्यांना. तोवर सांभाळ. करशील ना एवढं?" मी हो म्हटलं.

शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही. अकराच्या सुमारास छपरीत पोचले. बाबूजी त्या दिवशी आपल्या जागी नव्हते, समोरच्या खुर्चीत, लोक बसतात तिथे बसले होते. लॅपटॉप आडवा टाकलेला होता. कीबोर्ड माझ्या बाजूला. ते म्हणाले, "बस तिकडे. मेल पाह्य. रिपोर्ट आला का?"

मी बसले आणि पहिलं काम कोणतं केलं असेल, तर समोरचा पडदा बंद केला. एक कळ दाबावी लागते फक्त.

मेल आलेला होता. मी तो उघडला, रिपोर्ट उतरवून घेतला, वाचला. इंग्रजी होता, तरी त्यातला मुख्य शब्द मला समजला. बाबूजींनीच मला इंग्रजी वाचायला शिकवलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मी रिपोर्ट माझ्या मेलवरून ताईला पाठवला, मग आलेला मेल आणि लॅपटॉपवर उतरवलेला रिपोर्ट दोन्ही पुसून टाकले.

"समोरचा पडदा काहून बंद केला?" बाबूजींनी विचारलं.

"चार्जिंग कमी आहे जी."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. वायर लावलेली होती. मी ती त्यानंतर पाहिली.

"अन् रिपोर्ट?"

"नाही आला अजून."

बाबूजी काही वेळ त्या काळ्या पडद्यावर वाकून बसले. आता वाटतं, बंद पडद्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत असेल. मग म्हणाले, "बरं. येईन. तू अभ्यास कर तुहा." ते उठले आणि आत जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आले. माझ्या कपात साखर जास्त होती. मला तशीच लागते.

रविवारी ताई आली. तिने त्यांना काय सांगितलं, ते मी ऐकलं नाही. चार दिवसांनी ती त्यांना पुण्याला घेऊन निघाली. गाडीत बसण्याआधी बाबूजींनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "इथंच राहू दे. लोक येतीन, तर मायी खुर्ची रिकामी नोको ठेवजो." मी म्हटलं, "तुम्ही परत आल्यावर तुम्हीच बसा." ते हसले. "आलो तर समोर बसीन. तू वाचजो."

ते आले नाहीत. दोन महिन्यांनी ताईचाच फोन आला.

मी त्यांच्या खुर्चीत बसू लागले. कॉलेजहून आल्यावर एक-दोन अर्ज भरून देते. लॅपटॉप उघडला की कधी कधी समोरचा पडदा आपोआप चालू होतो, चित्र आधीच फिरलेलं असतं, जणू कोणी तिकडे बसलं आहे. लॅपटॉप दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला, यंत्र शेवटची मांडणी लक्षात ठेवतं, त्यात काही नाही. असेल. तरी मी आधी समोर पाहते आणि मग कामाला लागते.

गेल्या आठवड्यात पुढच्या प्रवेशासाठी मला माझी जुनी गुणपत्रिका हवी होती. उतरवून घेतलेल्या फाइली जिथे जमा होतात, तिथे मी शोधत होते. माझ्या गुणपत्रिकेच्या वर बाबूजींचा रिपोर्ट दिसला.

मी त्या दिवशी तो माझ्या हाताने पुसला होता. मला पक्कं आठवत होतं. मग मी मोबाइलमध्ये ताईला पाठवलेली फाइल काढून पाहिली. त्या फाइलच्या नावापुढे कंसात '१' असा आकडा होता. एकच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की लॅपटॉप तिला असा आकडा लावतो. म्हणजे मी उतरवलेली दुसरी होती, आणि तीच मी पुसली. पहिली आधीपासून तिथे होती. मी तिची वेळ पाहिली. त्याच शुक्रवारची, सकाळचे सव्वानऊ.

तेव्हा मला बाकीचंही आठवलं. न वाचलेल्या मेलचं नाव ठळक दिसतं. ते ठळक नव्हतं. बाबूजी रोज दहा लोकांचे मेल उघडायचे, मग स्वतःचा पाहायला त्यांनी मला का बसवलं, हे मी विचारलंच नाही. ते समोरच्या खुर्चीत का बसले, हेही नाही. त्यांनी तो कागद सकाळी एकट्याने वाचला होता. नंतर पावणेदोन तास ते माझी वाट पाहत थांबले, लॅपटॉप आडवा टाकून, कीबोर्ड माझ्या बाजूला ठेवून. त्यांना रिपोर्ट कळायचा राहिलाच नव्हता. तो कोणीतरी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला हवा होता.

हे मी ताईला सांगितलेलं नाही. तिची चूक नव्हती, तिने प्रेमाने सांगितलं होतं. मीही प्रेमानेच केलं, असं स्वतःला सांगून पाहते. पण बाबूजींनीही त्या वावरवाल्या माणसाचं काही वाईट चिंतलं नव्हतं, नुसता कागद फिरवून दाखवला नव्हता. आणि तो माणूस हात जोडून गेला होता. मला चहा मिळाला.

काल दुपारी छपरीत कोणी नव्हतं. मी लॅपटॉप आडवा टाकला. कीबोर्ड जवळ घेतला, समोरचा पडदा फडक्याने पुसला. कडेला ती निळी शाई अजून आहे. रिपोर्ट उघडला, समोरचं चित्र फिरवून सुलटं केलं. पलीकडची खुर्ची थोडी तिरकी होती, ती उठून सरळ केली. मग परत येऊन बसले आणि सगळ्यात वर, रुग्णाचं नाव असतं तिथून, मोठ्याने वाचायला लागले.