घंगाळ, रोवळी आणि बाकीचे पासवर्ड

मी त्या मुलीवर जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोला ते पहिल्या दिवशीच कळलं. मला मान्य करायला दोन महिने लागले आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झाशीत आमची मराठी घरं आता मोजकीच उरली आहेत. काही आमच्यासारखी, ज्यांचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इथे कारभार बघायला आले त्यांची. काही रेल्वेच्या नोकरीवर येऊन इथेच राहिलेल्यांची. या सगळ्या घरांत कंप्यूटरचं काही निघालं की मला बोलवायचं, असा पंचवीस वर्षं शिरस्ता होता. मी पाटबंधारे खात्यात कारकून. कंप्यूटरचं शिक्षण कुठे घेतलेलं नाही. पहिली मशीन मी बबीन्याच्या लष्करी छावणीतून आणली. तिथे फौजींच्या बदल्या होतात आणि बदली झाली की कुटुंबं अवजड सामान विकून मोकळी होतात. कूलर, पलंग आणि कंप्यूटर. त्या मशीनचं झाकण उघडलं तर आत कुठल्याशा वाळवंटातली बारीक वाळू. ती ब्रशनं झाडता झाडताच मी शिकलो.

तेव्हापासून माझी काही मतं पक्की झाली आहेत आणि ती मी कोणी न विचारता सांगतो. ज्या मशीनचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडत नाही ती मशीन तुमची नाही, कंपनीची आहे. मेमरी बोर्डावरच चिकटवून टाकणाऱ्यांना माफी नाही. आमच्या मे महिन्यात प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू होते, ती दर वर्षी खरवडून नवी लावावी. प्रोसेसर कितीही भारी घ्या, पण पॉवर सप्लाय स्वस्तातला घेऊ नका, कारण आमच्याकडे वीज जाते तेव्हा काही बिघडत नाही, ती परत येताना जी उसळी मारते तिच्यात मशीन जाते. आणि शेवटचं म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी ती फुकटातली प्रणाली. इथल्या मराठी मंडळींत लिनक्स वापरणारा मी एकटा. हे मी प्रत्येक बारशात, प्रत्येक मुंजीत सांगत आलो. ऐकणाऱ्यांना लिनक्स म्हणजे काय ते कळलं नसेल, पण ते फक्त माझ्याकडे असतं हे सगळ्यांना पाठ होतं.

माझं सगळ्यांत लाडकं मत मात्र पासवर्डबद्दल होतं. लोक मुलांची नावं ठेवतात, जन्मतारीख ठेवतात, हे मला बघवत नसे. मी म्हणायचो, अहो, आपण झाशीत राहतो, इथे मराठी कळतं कोणाला? आणि त्यातही आपल्या घरांतले जुने शब्द तर आता पुण्यातही कोणी बोलत नाही. म्हणून मी प्रत्येक घराला एकेक भांडं वाटून दिलं. एका घराला घंगाळ, एकाला रोवळी, एकाला वेळणी, एकाला कावळा, म्हणजे तेल काढायचा तो पळा. इंग्रजी अक्षरांत भांड्याचं नाव आणि पुढे चार आकडे. कागदावर लिहायचं नाही, ही माझी सक्त ताकीद. विसरलात तर मला विचारा.

आणि ते विचारायचे. त्यातच सगळं आलं. सगळ्या घरांचे पासवर्ड माझ्या डोक्यात होते. ऑफिसात मला मोठे साहेब नावानं ओळखत नसत, पण रविवारी सकाळी माझा फोन सारखा वाजायचा. "काकाजी, जरा आके देख लीजिए ना." मी कुरकुर करत स्कूटर काढायचो आणि मनातून खूश असायचो.

मग ती आली. रेल्वेतल्या एका कुटुंबाची सून, पुण्याची, तिशीच्या आतबाहेरची. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायची आणि ते काम काय, तर कंप्यूटरची सुरक्षा. लोकांनी मला कौतुकानं सांगितलं, "तुमचीच लाइन आहे तिची!" मला वाटलं, बघू, पुस्तकी असेल. तिच्या हातात तो पातळ, सीलबंद, झाकण न उघडणारा लॅपटॉप बघून तर मी मनातल्या मनात तिला नापासच केलं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. मी प्रसादाच्या टेबलाशी उभा राहून ऐकत होतो. कोणीतरी तिला विचारलं, पासवर्ड कसा ठेवावा? ती म्हणाली, लांब ठेवावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवावा आणि कोणालाही सांगू नये. तेवढ्यात एक काकू अभिमानानं म्हणाल्या, "आमचा तर घंगाळ आहे, या काकांनी दिलाय." शेजारची म्हणाली, "आमचा रोवळी." त्या मुलीनं क्षणभर दोघींकडे बघितलं. मग तिसऱ्या, वेळणीवाल्या काकूंना हळूच विचारलं, "तुमचंही भांडंच आहे का?"

हॉल हसला. ती हसली नाही, हे मला आजही कबूल करावं लागतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, कल्पना छान होती हो तुमची. फक्त एकाचं कळलं की सगळ्यांचं कळतं ना. शिवाय सगळे एका माणसाला माहीत असणं बरं नाही. कोणीही असो."

तिचं बरोबर होतं. हेच वाक्य मी दुसऱ्या कोणाला हजारदा ऐकवलं असतं. म्हणूनच माझ्या अंगाची लाही झाली. चुकली असती तर मी तिला चार गोष्टी सुनावून घरी येऊन शांत झोपलो असतो. प्रसादाचा द्रोण तसाच ठेवून मी बाहेर पडलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "पोरीनं काय वाईट सांगितलं? जळताय नुसते." मी म्हटलं, मी आणि जळू? त्या डबडं घेऊन फिरणारीवर?

पुढे काय झालं ते फोनवरून कळलं, म्हणजे फोन न आल्यामुळे. एक रविवार गेला, दुसरा गेला. ती घरोघर जाऊन पासवर्ड बदलून देत होती, मोबाइलवर विचारणा येईल अशी सोय करून देत होती, आणि लोक तिला पोहे, शंकरपाळे खिलवत होते. ते शंकरपाळे माझे होते. रस्त्यात भेटणारे लोक मला आपणहून सांगायचे, किती हुशार आहे, किती गोड बोलते, ओरडत नाही. "ओरडत नाही" हे प्रत्येक जण सांगायचा. मी हो हो म्हणायचो आणि आतून तिळपापड व्हायचा. तिच्या मशीनमध्ये काहीतरी बिघडावं, वीज परत येताना एकदा तरी उसळी मारावी, असं मी अगदी मनापासून इच्छिलं आहे.

सिविल लाइंसमधल्या आत्यांकडचा फोनही थांबला, तेव्हा मला सहन होईना. आत्या माझ्या लांबच्या नात्यातल्या. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीला आलेल्या, घरात एकट्या. मुलगा परदेशात. त्याचे ई-मेल आणि नातवाचे फोटो बघायला मी त्यांना बबीन्याचीच एक मशीन बसवून दिली होती. त्यांचा पासवर्ड होता फिरकी, पाण्याचा तो फिरकीचा तांब्या. दर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन यायचा, "बेटा, पुन्हा विसरले बघ." मी जायचो, पासवर्ड टाकायचो, विसरभोळेपणावर एक भाषण द्यायचो आणि त्यांनी केलेला उपमा खाऊन परत यायचो. गणपतीपासून तो फोन आला नव्हता.

एका शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली होती. मी माझ्या मशीनपुढे बसलो आणि जे केलं त्याला चांगलं नाव नाही. मी एकेका घराचा ई-मेल उघडून बघायला लागलो. मनाशी म्हणत होतो, तपासतोय, लोक खरंच सुरक्षित आहेत का ते. घंगाळ टाकलं. पडद्यावर आलं, तुमचा पासवर्ड सतरा दिवसांपूर्वी बदलला आहे. रोवळी टाकली. सोळा दिवसांपूर्वी. वेळणी, सोळा. कावळा, अकरा. एकेक दार माझ्या तोंडावर बंद होत होतं, आणि वर तारीखवार सांगत होतं की केव्हा बंद केलं. मी थांबायला हवं होतं. पण मला कोणीतरी एक हवं होतं, ज्यानं तिचं ऐकलेलं नाही.

शेवटी फिरकी टाकली. दार उघडलं.

मी काही वाचलं नाही, एवढं तरी खरं आहे. वरचा नातवाचा फोटो दिसला आणि मी लगेच बंद केलं. पण आनंद इतका झाला की उठून स्वतःसाठी चहा केला. आत्यांनी बदलला नव्हता. सगळी झाशी तिच्याकडे गेली असेल, आत्या माझ्याकडे होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा फोन आला. आवाज बसलेला.

"बेटा, काल माझ्या ई-मेलमध्ये कोणीतरी घुसलं रे. मोबाइल टुंग वाजला, बघते तर लिहिलेलं, नवीन ठिकाणाहून कोणी आत आलंय. मला तर पसीनाच सुटला. मुलाचे पेपर आहेत त्यात, बँकेचं आहे. रात्री डोळा लागला नाही."

असा इशारा जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच लोकांना सांगत आलो होतो.

"मग?" मी विचारलं.

"मग आज उजाडताच त्या पुण्याच्या मुलीला फोन केला. तुला करणार होते, पण तुझ्याच पासवर्डचा मामला, तुला वाईट वाटेल. ती बिचारी लगेच ऑटो करून आली. मोबाइल हातात घेतला, दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं ना, कुठल्या मशीनवरून ते. लिन... असं काहीतरी."

मी समोरच्या माझ्या लिनक्सवाल्या मशीनकडे बघितलं.

"मी तिला ठासून सांगितलं हं, काकांनी दिलेला पासवर्ड कोणी फोडूच शकत नाही. ती म्हणाली, खरं आहे आजी, तो फुटलेला नाही. म्हणाली, घाबरू नका, चोर नव्हता. आता चोर नव्हता तर कोण होता, ते काही सांगेना. तुला कळतं का काही?"

मला सगळं कळत होतं. तिला माझं नाव घेता आलं असतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या घरांत पोचलं असतं आणि मी तिच्या जागी असतो तर नक्की पोचवलं असतं. तिनं तेही केलं नाही. या बाबतीतही ती माझ्यापेक्षा बरी निघाली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आभार मानावेसे वाटले नाहीत, पुन्हा मत्सरच वाटला.

मी स्कूटर काढली आणि सिविल लाइंसला गेलो. आत्या दारामागेच उभ्या होत्या. त्यांनी कडीला कुलूप घातलं होतं, दिवसाढवळ्या, आतून. ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला. ते बघून मी वाटेत जुळवलेल्या सगळ्या सबबी विसरलो आणि चपला काढायच्या आधीच म्हणालो, "आत्या, काल तो मीच होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फळ्याकडे तोंड असताना मागे कोण बोललं हे ओळखणाऱ्या बाईची ती नजर होती.

"तू? कशाला?"

"तुम्ही पासवर्ड बदललात का ते बघायला. सगळ्यांनी बदलले. सगळे तिच्याकडे गेले."

"आणि माझा उघडला म्हणून तू खूश झालास."

"हो."

त्या आत गेल्या, पाणी घेऊन आल्या. मग माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "गणपतीत तू रुसून निघून गेलास. म्हटलं, आता हा कुठला येतोय, म्हणून फोन नाही केला. ती मुलगी दोनदा येऊन गेली बदलायला. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं."

"कळलं मला. तुमचा विश्वास होता."

"विश्वास कसला! अरे, मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय. एक तांब्या आणि चार आकडे मी विसरेन होय? एकदाही विसरले नव्हते. विसरले म्हटलं की तू यायचास. तासभर बसायचास, बडबडायचास, उपमा खायचास."

टेबलावर मशीनच्या शेजारी एक कागद होता. जाड पेनानं, मोठ्या अक्षरांत, त्या मुलीच्या हातचा. आत्यांनी तो माझ्या नजरेआड उलटा करून ठेवला, कारण तिनं सांगितलं होतं, कोणालाही दाखवायचा नाही.

"आता नवा पासवर्ड तिनं लिहून दिलाय," त्या म्हणाल्या. "आता तुला काय सांगून बोलावू?"