स्विचच्या कांडीचा दोरा

देवाच्या गोष्टीत हात घालू नये, असं मला अख्ख्या कारखान्याने सांगून पाहिलं. मी घातला. आजही घालीन.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एकात मी कॉम्प्रेसर चालवत असे, तोही टेंपररी. कॉम्प्रेसर थंड ठेवायला पाणी लागे आणि त्या पाण्यावर एक छोटा स्विच पहारा देई. पाइपाच्या आत त्याची पत्र्याची पट्टी. पाणी वाहत असलं की पट्टी ढकलली जाई आणि बाहेरची कांडी वर राही. पाणी थांबलं की कांडी खाली पडे आणि मशीन आपोआप बंद होई. अख्ख्या शेडमध्ये माझा विश्वास होता तो या स्विचवर.

खंडेनवमीला आमच्या फोरमननी मशिनांची पूजा केली. चिंचवड गावठाणातला वयस्क, भाविक माणूस. मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. त्यांनी प्रत्येक हँडलला लाल दोरा गुंडाळला. बंद मशिनाच्या स्विचची कांडी खाली लोंबत होती, ती बरी दिसेना म्हणून वर उचलून पाइपाला घट्ट बांधली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन सुरू करायला गेलो. पाण्याचा व्हॉल्व्ह अजून बंद होता आणि कांडी वर! म्हणजे पाणी गेलं तरी स्विच गप्प बसणार, मशीन फुटेपर्यंत तापणार आणि शेजारी आम्ही उभे.

दोरा काढू या, असं मी फोरमनना म्हणालो. पूजेचा दोरा काढत नसतात, तो आपोआप गळून पडतो, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाणी कधी जातंय इथलं, असंही कोणी म्हणालं. माझं डोकं सणकलं. बायकोला नुकतंच गावाहून आणलं होतं, पिंपरी कॅम्पात खोली घेतली होती. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि भीतीही वाटत होती, खोटं कशाला सांगू? तरी पक्कड घेतली आणि दोरा तोडला. कांडी खट्कन खाली आली.

 फोरमनचा चेहरा उतरला होता.

"समद्यांम्होरं मशिनीची माफी माग," ते म्हणाले. "न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस."

"देवाची माफी मी घरी मागीन," मी म्हणालो. "मशीनची माफी ज्यानं कांडी बांधली त्यानं मागावी."

मला नोकरीला लावणाऱ्या माणसाला हे बोलताना मलाही लागलं. पण शब्द मागे घेतला नाही. दुपारी मी गेटबाहेर होतो.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दोरा हळूच सोडवता आला नसता का, तोडायलाच कशाला हवा होता?

आला असता. पण सोडवलेला दोरा त्यांनी पुन्हा बांधला असता.