डावा कौल

बायकोच्या मानेत गाठ आहे हे मला कळलं तेव्हा ती गाठ बोराएवढी झाली होती. तिला दोन महिने आधीपासून माहीत होतं. त्या दोन महिन्यांत ती अंबाडा जरा खाली बांधायला लागली होती आणि मी आपला समजत होतो की वयानुसार आवड बदलली असेल. इतका मी हुशार.

कसालच्या बाजारात माझं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बंद पडलेली वस्तू उघडल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही, हा माझा शिरस्ता. गिऱ्हाईक म्हणतं, "बाहेरून बघून सांगा ना," आणि माझं डोकं फिरतं. त्यामुळे सुईने गाठीतला तुकडा काढून तपासू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला ते लगेच पटलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण "उशीर करू नका" असं दोनदा म्हणाले.

बायको तयार होईना. सुई टोचली की गाठ भडकते, असं तिला शेजारणीने सांगून ठेवलं होतं. मी समजावलं, चिडलो, परत समजावलं. शेवटी ती म्हणाली, "देवाक इचारून येवा. तो व्हय म्हणालो तर उद्या चलतंय."

"मगे तू पण चल."

"माका थंय उभ्यान ऐकूक जमाचा नाय."

आमच्या गावात लग्न, विहीर, नवं घर, काहीही असो, ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी यातला नव्हे. दुकान टाकताना सगळे मागे लागले होते तरी मी कौल घेतला नाही. पण हे अर्ध्या तासाचं काम उरकलं की ती गाडीत बसेल, एवढाच हिशोब करून मी निघालो.

सकाळी देवळात गुरव आणि मी दोघेच होतो. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हेच्या घरकारणीन सुई मारून घेवची की नाय, तां काय तां सांग." मी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. बराच वेळ काहीच हललं नाही. समईची वात तेवढी तडतडत होती. मग डावीकडची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"परत लाव," मी म्हणालो.

"तसा चलना नाय. देव आता नको म्हणता. आठ दिसांनी येवा, परत इचारूया."

गुरवाशी वाद घालायला माझी जीभ वळवळत होती, पण त्याचा काय दोष? घरी आलो तर बायको पडवीत खांबाला धरून उभी. मी चपला काढायच्या आधीच बोलून गेलो, "उजवो दिल्यान." तिने डोळे मिटून हात जोडले आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोव्याला गेलो. इस्पितळाच्या रांगेत ती इतकी निर्धास्त होती की पलीकडे रडत बसलेल्या एका बाईला तिनेच धीर दिला. "माका देवान धाडल्यान," असं तिला सांगत होती. मी बाजूला बसून फरशी बघत होतो.

अहवाल यायला आठ दिवस लागणार होते. सुईने तिची मान अवघडली होती, म्हणून सकाळची पेज मी करत होतो. तिचे केसही मीच विंचरत होतो, आणि ते काम पंप खोलण्यापेक्षा अवघड निघालं. ती ओरडायची, "हळू, मोटर नाय ती!" मी हसायचो. आणि दुकानात गेलो की ती पाकळी डोळ्यांसमोर पडायची. गाठीत जे काय होतं ते पाकळी पडायच्या आधीच होतं, हे मला समजत नव्हतं असं नाही. तरी भीती वाटत होती. देवाला न मानणारा माणूस देवाला घाबरतो तेव्हा त्याची फार पंचाईत होते, कारण त्याला नवसही बोलता येत नाही. मला ती घरात हवी होती. दुसरं काही सुचत नव्हतं.

अहवाल घ्यायला आम्ही पुन्हा गोव्याला गेलो. गाठ क्षयाची होती. सहा महिने गोळ्या, चुकवायच्या नाहीत, बरं होतं, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना हायवेच्या कडेला गाडी थांबवून मी रडलो. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. "आता रडाक काय झाला?" मग म्हणाली, "रविवारी देवाक नारळ देवया. त्याणा वाट दाखवल्यान."

तिथे मात्र माझ्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं.

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. गोव्याची हद्द सरली, कसाल आलं, दुकान मागे पडलं. घरी पोचल्यावर मीच म्हणालो, "अगो, तुझ्या बऱ्यासाठी केलंय. तू गेली नसतंस."

"गेलंय असतंय," ती म्हणाली. "चार दिस रडलंय असतंय आणि गेलंय असतंय. गुरवाक म्हायत, तुमका म्हायत. जिच्या मानेक गाठ, तिकाच म्हायत नाय!"

"तू पण दोन महिने लपवलंस," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण बोललो.

"माझी गाठ होती ती."

मी तिला वाचवलं, अशी माझी आतल्या आत समजूत झाली होती, आणि त्याचा मला अभिमानही वाटायला लागला होता. तो उतरला. रविवारी ती देवळात एकटीच गेली. तिथे काय बोलली ते मी विचारलं नाही.

सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नाही आणि मला आठवण करू दिली नाही. शेवटच्या तपासणीला आम्ही दोघे गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता का?" उठलो असतो, सवयीने. पण म्हणालो, "तिलाच सांगा. मी बाहेर बसतो."

"हंयच बसा," बायको म्हणाली. "पण गप."

डॉक्टर तिच्याकडे वळून बोलू लागले. गाठ विरली होती, गोळ्या बंद करायच्या होत्या, फक्त वजन वाढत नव्हतं आणि जेवणाकडे घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं, एवढंच. तिने तीन-चार प्रश्न विचारले. उत्तरं नीट ऐकून घेतली, कागदाची घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली. मी गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसलो होतो. मग ती माझ्याकडे वळली.

"आता तुमका काय इचारूचा तां इचारा."