पाझर तलावातलं कासव

हा किस्सा मी इतकी वर्षं टाळला. वनखात्याचा विषय निघाला की बिबट्याची गोष्ट सांगून मोकळा व्हायचो. मागच्या वर्षी त्यातल्या गयाबाई वारल्या. आता लिहूनच टाकतो.

पाटोदा तालुक्यात मी रेंजर होतो. तक्रार आली, गयाबाईंच्या विहिरीत कासव आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आमच्याकडची जुनी पद्धत. पण वन्यजीव कायद्यात ते संरक्षित. पाळणं गुन्हा.

गयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कशाला नेता माझ्या कासवाला? म्हादू कुणाला चावला का?"

"मावशी, कायदा आहे."

"मग मला बी न्या. मी बी तेवढीच म्हातारी हाय. पाठीवर बादली आपटून कड तुटली त्याची, तरी कधी रुसला न्हाई."

जमलेले सगळे हसले. केस केली नाही, फक्त कासव घेतलं.

"सायब, भरल्या पाण्यात सोडा बरं का."

"शब्द देतो."

धरणाकडे निघालो, तेवढ्यात साहेबांचा फोन. "आपल्या नव्या पाझर तलावात सोडा. फोटो चांगला येईल."

पाझर तलाव पाणी साठवायला नसतो, जिरवायला असतो. पाणी मुरून खालच्या विहिरींना लागतं आणि उन्हाळ्यात तलाव कोरडा पडतो. तो बांधतातच तसा. हे मला पाठ होतं. मी म्हणालो, "येस सर."

फोटो झकास आला.

मे महिन्यात राउंडला गेलो, तर भेगाळलेल्या गाळात एक पाठ दिसली. कड तुटलेली. तिथंच खड्डा करून पुरलं. रिपोर्टमध्ये म्हादू आजही 'नैसर्गिक अधिवासात मुक्त' आहे. प्राणी कुठं सोडायचा ती जागा आधी मे महिन्यात बघावी, एवढं त्यातून शिकलो.

आठवडी बाजारात गयाबाई हमखास विचारायच्या, "म्हादू कसा हाय?"

"मजेत," मी म्हणायचो.

रिटायर व्हायच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, हिय्या करून त्यांच्या शेतात गेलो. खरं सांगायचं, माफी मागायची, निघायचं. त्यांनी मला थेट विहिरीवर नेलं.

"बगा, तुमच्या तलावानं लई पाणी लागलंय. उन्हाळ्यात पहिल्यांदाच तळाला गेली न्हाई. आता म्हादूचं एखादं पिल्लू तरी आणून द्या की, सायब."

मी विहिरीत वाकून पाहिलं.

"मावशी," मी म्हणालो, "कायद्यात बसत नाही."