ओवा आणि पाठदुखी

सासूबाईंनी आज तव्यावर ओवा भाजायला घेतला आणि त्या करपट वासाने मला घणसोलीची ती दुपार आठवली. मला आठवा महिना होता, लेक पोटात होती. अचानक छातीपासून पाठीपर्यंत कुणी उभं फाडावं तसं दुखलं.

"गॅस हाय. ओवा चाव," त्या म्हणाल्या.

मला शंका आली. "गॅस पाठ फाडतो का? दवाखान्यात चला."

"कॉलेजात गेली म्हनून डॉक्टर झाली काय गो?"

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. त्यांचं मुळीच ऐकलं नाही, थेट दवाखाना गाठला. तिथे कळलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटत होती. तातडीच्या ऑपरेशनने मी आणि लेक, दोघी वाचलो.

आज नवऱ्याचं पोट दुखतंय. सासूबाई ओवा मुठीतच धरून त्याच्याकडे संशयाने बघतायत.

"खरं सांग, पाठीत दुखत नाय ना?"