हेंककाका ‘हो’ म्हणाले

आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘उंदीर’. मी, वैशाली आणि नागपूरचा मिलिंद. तिघंही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, चिप्सची मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत. (बटाट्याच्या नव्हेत!) कोरोनात ऑफिस बंद, घरात बसून डोकं फिरायची वेळ आलेली, तेव्हा दर शनिवारी आम्ही एका फार्मवर फुकट मजुरी करायला जायचो. तिथले किस्से इतके साचलेत, की एक सांगायला घेतला की मागचे ढकलाढकली करत पुढे येतात. बहुतेकांत आम्ही घाबरलेलोच असतो, हे आधीच सांगून ठेवते!

*

फार्म हेंककाकांचा. सत्तरीचे, एकटे. लॉकडाऊनमुळे प्राणी बघायला येणारे बंद झाले, आणि वर वादळाने शेडचं छप्पर आणि कुंपण आडवं केलं. वैशालीने कुठेतरी ‘मदत हवी’ असं वाचलं आणि आम्हाला ओढत नेलं.

तिथे तीन कॅपिबारा होत्या. कॅपिबारा म्हणजे मेंढीएवढा उंदीर! त्यातली सगळ्यात मोठी ट्रूस. तिने जांभई दिली, आणि ते दात बघून मी सरळ गाडीत जाऊन बसले.

काका काचेवर टकटक करून इंग्लिशमध्ये म्हणाले, “अगं, ती फक्त गवत खाते!”

मागून मिलिंद ओरडला, “काका, हे तिला माहितीये ना?”

*

नवं कुंपण उभं राहिलं त्याच दिवशीची गोष्ट. मी लाकडांचा ट्रेलर रिव्हर्स घेत होते. शेजारी मिलिंद, मागे हातवारे करत काका. ते ओरडले, “हो!”

“हो म्हणतायत. घे बिनधास्त!” मिलिंद म्हणाला.

“हो! हो! होऽऽ!”

“काय उत्साह आहे माणसाला!” मिलिंद म्हणाला, आणि धाडकन आवाज झाला. आमचं कुंपण जमिनीवर!

वैशाली धावत आली. आमच्यात डचची परीक्षा पास झालेली ती एकटीच. “अरे गाढवांनो, डचमध्ये ‘हो’ म्हणजे थांबा!”

तेवढ्यात ट्रूस पडलेल्या कुंपणावरून शांतपणे चालत गेली आणि मागच्या कालव्यात गडप झाली. पाणी हलेना. काकांचा चेहरा पांढराफटक. त्यांना बायको नव्हती, मुलं नव्हती, या तिघीच होत्या. वैशाली रडायला लागली, “आपण मारली तिला!”

मग पलीकडच्या बदकांमध्ये एक नाक वर आलं.

काका मटकन गवतात बसले. मराठीत ‘हो’चा अर्थ काय ते कळल्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून आमच्याशी बोलताना त्यांनी होकारासाठी डच ‘या’ म्हणणं सोडलं. चहा घेणार? “हो!” दमलात? “हो!”

*

भारतात दुसरी लाट आली. मिलिंदचे बाबा नागपूरला ऑक्सिजनवर होते. तो फोन कुंपणाच्या खांबावर ठेवायचा आणि त्याच्याकडे पाठ करून खिळे ठोकायचा.

एका शनिवारी फोन वाजला. त्याच्या बहिणीचं नाव.

“तू उचल,” तो मला म्हणाला. मी वैशालीकडे बघितलं. कुणाचाच हात पुढे जाईना. ट्रूस आली आणि त्याच्या पायाला टेकून बसली. रिंग बंद झाली. पुन्हा वाजली. शेवटी मी डोळे मिटून स्पीकर लावला.

“फोन काहून नाही उचलत बे?” खुद्द बाबा! “उंदीर मेला का तुझा?”

मिलिंद ट्रूसच्या अंगावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. ती हलली नाही.

*

मग काका खोकायला लागले. “गवताची धूळ,” म्हणाले. आम्ही तिघंही नकळत मागे सरकलो. पुढच्या शनिवारी ते हॉस्पिटलमध्ये होते. भेटायला परवानगी नाही. जाण्याआधी त्यांनी एका मोठ्या प्राणीपार्कला फोन करून ठेवला होता, ‘आता माझ्याने होणार नाही, तिघींना घेऊन जा.’

पार्कची गाडी आली. आम्ही छप्पर नवं घातलं होतं, कुंपण पुन्हा उभं केलं होतं. ते कुणासाठी, हा प्रश्न तिघांच्याही तोंडावर होता, पण विचारायचा कुणी? ट्रूस पिंजऱ्यातून आमच्याकडे बघत होती. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

“थांबा जरा,” म्हणत वैशालीने ड्रायव्हरच्या खिडकीपाशी उभं राहून हॉस्पिटलला व्हिडिओ कॉल लावला. नर्सने फोन काकांपुढे धरला. नाकात नळ्या, डोळे अर्धवट मिटलेले. असे काका मी कधी बघितले नव्हते. ते परत येणार नाहीत अशी भीती वाटली, आणि ती बोलून दाखवायचीही भीती वाटली.

वैशालीने डचमध्ये विचारलं, “काका, गाडी निघतेय. जाऊ द्यायचं ना तिघींना?”

काकांनी डोळे उघडले. मग काका म्हणाले, “हो.”

कॉल कट झाला.

मिलिंदने हळूच विचारलं, “मराठीतलं, की डचमधलं?”

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं.