बेबीमावशीची गाठ

या सदरातले अनुभव मी वर्षभर वाचतेय आणि खरं सांगते, बहुतेक वेळा वाचून डोकं फिरतं. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाचा पंखा आपोआप कण्हतो... अहो, बेअरिंगला तेल घाला ना! मी केमिस्ट आहे. सोळा वर्षं तारापूर एमआयडीसीत घालवली. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणूनच आधी सांगून ठेवते — माझ्या बाबतीत जे झालं ते मी मोजलंय, त्याचे ग्राफ आहेत. शहाणपणा शिकवायचा असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा.

राहायला मी पालघर पूर्वेला, रोज स्कूटीने बोईसर. लॅब एमआयडीसीच्या आत, कुंभवलीच्या अंगाला, एका रंगाच्या कारखान्याच्या मागे. वरच्या मजल्यावर डावीकडची दुसरी खोली, तिथे आमचं मास स्पेक. लॅबचं नाव विचारू नका.

हे मशीन काय करतं, तर प्रोटीनचे तुकडे करून आत सोडले की प्रत्येक तुकड्याचं वजन सांगतं. वजनांवरून प्रोटीन कुठलं ते ओळखायचं. या मशीनचा एक मोठा वैरी — साबण, म्हणजे डिटर्जंट. आणि आमच्याकडे येणारे निम्मे नमुने त्यातच बुडालेले असतात! कारण पेशीच्या चरबट पडद्यात रुतलेलं प्रोटीन डिटर्जंटशिवाय सुटतच नाही. मग आम्ही बसतो तो काढत. गार अ‍ॅसिटोनमध्ये प्रोटीन तळाला बसवायचं, वरचं ओतायचं, पुन्हा धुवायचं. जरासा राहिला तरी प्रोटीन दबून जातं आणि स्क्रीनवर नुसती टोकं उभी राहतात, वजनात एकेक चव्वेचाळीसच्या अंतरावर. आम्ही त्याला शिडी म्हणायचो.

त्यामुळे लॅबचा नियम असा, की या मशीनच्या बाटल्यांना साबणाचा थेंब लागता कामा नये. शुद्ध पाणी, मग मिथेनॉल, बस. ते काम बेबीमावशीचं. ती कुंभवलीत राहायची, माहेर किनाऱ्यावरचं, बाप जाळी विणायचा. बाटली धुतली की ती त्यात थोडं शुद्ध पाणी घ्यायची, कानाजवळ धरून हलवायची, मग उजेडात बघायची. फेस नसेल तरच बाटलीच्या गळ्यात लाल दोरा बांधायची, बापाने शिकवलेल्या जाळ्याच्या गाठीने. दोरा असलेलीच बाटली घ्यायची हे साहेबांपासून सगळ्यांना पाठ. अकरा वर्षं हे चालू होतं.

मला ती आवडायची नाही. उगाच गोड कशाला बोलू? चारचौघांत टोकायची — "मॅडम, दोरा बगितला का?" सातवी शिकलेली बाई आणि मला विचारणार!

गेल्या हिवाळ्यात ती भाचीच्या लग्नाला माकुणसारला गेली, दोन दिवस. नेमकी मला बाटली हवी होती आणि रॅकवर दोऱ्याची एकही नव्हती. एक होती तिला तेलकट डाग. मी ती पॅन्ट्रीच्या बेसिनमध्ये नेली, कप घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले आणि दहा वेळा विसळली. साबण काचेला किती चिवट धरून बसतो हे मीच नव्या मुलांना शिकवते. पण तेव्हा वाटलं, दहा वेळा विसळली की, काय होतंय!

शिडी उभी राहिली. एका क्लायंटचा नमुना होता, पुन्हा न मिळणारा. सगळा गेला. साहेब जिना चढून येताना त्यांचा आवाज आधी वर आला — "कुठली बाटली? दाखवा मला!"

ते आत यायच्या आधी मी मावशीच्या ड्रॉवरमधून लाल दोरा काढला आणि त्या बाटलीला बांधला. हो, मीच. शिव्या घालायच्या तर घाला.

मावशी लग्नाहून परतली ती थेट साहेबांपुढे. तिने बाटली हातात घेतली, गळ्याशी बोट फिरवलं.

"ही गाट माजी नाय."

"गाठीवर काय सही असते?" साहेब ओरडले. "दोरा तुझा, बाटली तुझी. साबण लावलास ना?"

"मी लावला नाय. ही बुटाच्या नाडीची गाट हाय, साहेब." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमाला तरी ठाव हाय ना?"

मी मोबाइलमध्ये बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तिचा गेट पास बंद. चौकशीच्या अहवालात मूळ कारण लिहिलं गेलं — धुणाऱ्या कामगाराची चूक, आणि खाली तिचं पूर्ण नाव. बोईसरमध्ये अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या कुठल्याही लॅबने तिला दारात उभं केलं नाही.

आता मुद्द्याचं.

मशीन आतून धुतलं, नळ्या बदलल्या, नमुना ज्यातून जातो तो कॉलम नवा बसवला. माझा सहकारी इरफान, मूळचा आझमगडचा, त्याने कोरा रन घेतला. म्हणजे नमुना नाही, नुसतं स्वच्छ द्रावण. रेघ सपाट. सगळे खूश. दुपारी मी तोच रन घेतला... शिडी.

म्हटलं, हातमोजे. नवी पेटी फोडली. शिडी. मग इरफानने भरलेली, बंद झाकणाची कुपी मी फक्त उचलून ट्रेमध्ये ठेवली. फक्त उचलली हो! शिडी. तीच कुपी त्याने काढून परत ठेवली, रेघ सपाट. आठवडाभर आम्ही हे करत होतो. मी हँडक्रीम सोडलं, शाम्पू सोडला, घरचे कपडे नुसत्या पाण्यात धुतले. काही फरक नाही.

मग पाणी. सीलबंद शुद्ध पाण्याची बाटली खोक्यातून मी काढली आणि आत, झाकणाखाली, पांढरा फेस गोल चढत गेला. टेबलावर ठेवली, फेस बसला. पुन्हा उचलली, चढला. इरफान शेजारीच होता. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, आप हाथ मत लगाओ. मैं डालता हूँ." त्या दिवसापासून तो माझ्या शेजारी कधी उभा राहिला नाही.

मी घाबरले नाही, भडकले. वाटलं, बाईने काहीतरी केलंय. अमावास्या, लिंबू, असलं काहीतरी. ज्या गोष्टींवर मी जन्मात विश्वास ठेवला नाही त्यांचा आरोप करायला मी भर दुपारी कुंभवलीत तिच्या दारात उभी राहिले!

"काय केलंस तू माझ्यावर?"

ती सुकट निवडत होती. हात बघितले मी तिचे, मिथेनॉलने चिरा पडलेले. उठली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं, माझ्या हातात दिलं. पेला हातात येताच पाण्यावर फेस दाटला. तिने तो पेला परत घेतला, फेस गेला.

"माज्या पेल्यात काय नाय," ती म्हणाली. "तुमच्या हातात हाय."

"मी माफी मागायला तयार आहे—"

"तुमची माफी कुनाला हवी? कागदावर माजा नाव हाय. ता काढा."

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते शांत होते, ते जास्त वाईट. "अहवाल क्लायंटने मान्य केलाय. फाइल बंद. एका बाटल्या धुणाऱ्या बाईसाठी तुम्ही कशाला उकरताय?"

मी टाइप केलं. बाटली मी धुतली, साबण मी लावला, दोरा मी बांधला; आणि मावशीचं पूर्ण नाव घालून, तिची यात काही चूक नाही. खाली सही. क्लायंटला मेल केला, साहेबांना प्रत दिली. ते म्हणाले, "मग राजीनामाही लगेच टाइप करा."

तोही केला. कॉम्प्युटर बंद करायच्या आधी म्हटलं, शेवटचा एक कोरा रन. कुपी मी स्वतः भरली, स्वतः ठेवली. इरफान दारातून बघत होता.

रेघ सपाट. एकही टोक नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी त्या कबुलीची एक छापील प्रत घेऊन कुंभवलीला गेले. मावशीच्या मुलीने तो कागद तिला वाचून दाखवला. आपलं नाव आलं तिथे मावशीने तिला थांबवलं, तेवढी ओळ परत वाचायला लावली. मग विचारलं, "मना परत घेतील?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलण्यात आता काही राहिलं नव्हतं.

तिने कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. आत जाऊन पाणी आणलं. माझ्या हातात देण्याआधी पेला कानाजवळ धरून हलवला, उजेडात बघितला.

"प्या. नि मंग जावा."

मी प्यायले आणि निघाले. तिने दार लावल्याचा आवाज पाठीमागे ऐकू आला.

सगळे ग्राफ माझ्याकडे आहेत. तोच दिवस, तीच कुपी, एकावर इरफानचं नाव, एकावर माझं. हातमोजे, घाम, क्रीम, नळी, झाकण, हवा... सगळं तपासून झालंय, त्यामुळे कमेंटमध्ये पुन्हा तेच सुचवू नका. माझ्याकडे कारण नाही. घरी कुणी बघत नसेल तेव्हा मी अजूनही पेला कानाजवळ हलवते आणि मगच पाणी पिते.